मातीतले तणनाशक मोजायचे कसे, आणि कुणी?



वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी सालाबादप्रमाणे गटवार बैठका होतात, आणि प्रत्येक बैठकीत शेतकी खात्याची हजेरी घेतली जाते. पूर्वी तोडणीचा प्रोग्रॅम, बेणे, पाणी आणि वाहतूक एवढ्यावर विषय संपत असे. अलीकडे एक नवा प्रश्न हटकून निघतो. "साहेब, तणनाशक मारून मारून रान नासलं. कारखान्याची माती परीक्षणाची लॅबोरेटरी आहे ना? मग ह्याची तपासणी का करून देत नाही? मशीन नसलं तर घ्या की!"

ही मागणी अर्धी रास्त आहे, आणि म्हणूनच तिच्यावर या अंकात सविस्तर लिहीत आहोत. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मातीतल्या तणनाशकाचा अंश तपासण्याची सोय कारखान्याने सभासदांना दिलीच पाहिजे. कारण सरळ आहे. हे औषध आपणच गटामार्फत उधारीवर वाटतो आणि ऊस बिलातून त्याची कपात करतो. दिल्या मालाचे पुढे काय झाले हे पाहणे वाटणाऱ्याकडे येते. ते शेतकऱ्याच्या नशिबावर सोडता येत नाही. मात्र ही सोय यंत्रापासून सुरू करू नये, कुंडीतल्या काकडीपासून सुरू करावी. काकडीचे नाव काढले की बैठकीत हशा होतो हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

प्रथम आपण मोजणार आहोत ती वस्तू किती आहे, हे पाहू. आपल्या प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश मोजतात. पालाश हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास भरतो. तो मोजायला साधा फ्लेम फोटोमीटर पुरतो. आता ॲट्राझीन घ्या. हेक्टरी २ किलो क्रियाशील घटक धरला, तर ५० टक्क्यांच्या पावडरीचे एकरी १ किलो ६०० ग्रॅम होतात, आणि त्यात खरे औषध ८०० ग्रॅम. एका एकरातील वरच्या १५ सेंटीमीटर थराची माती सुमारे ९ लाख किलो भरते. म्हणजे फवारल्या दिवशीच, सगळे औषध त्या थरात सारखे मिसळले असे समजले, तर एक टन मातीत जेमतेम ०.९ ग्रॅम औषध. यालाच दहा लाख भागांत ०.९ भाग म्हणतात. पुढे ते कुजत जाते. साधारणपणे ॲट्राझीन निम्मे व्हायला ६० दिवस धरतात. सहा महिन्यांत ते निम्म्याचे निम्मे आणि त्याचेही निम्मे होते, म्हणजे आठवा हिस्सा राहतो. टनाला ०.११ ग्रॅम. दहा टनांच्या ट्रॉलीत चिमूटभर मीठ टाकून कुणी म्हणाले, "आता शोधा," तर कसे होईल, तसे हे काम.

विहिरीच्या पाण्याचा प्रश्न आला की याहून बारीक मोजावे लागते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ॲट्राझीनला लिटरमागे २ मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे हजार टन पाण्यात २ ग्रॅम. रोजचे गाळप अडीच हजार टन धरले, तर दिवसभराच्या सगळ्या उसात मिळून ५ ग्रॅम. युरोपात हीच मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे. भूजलात ती ओलांडली जाते म्हणून जर्मनीने १९९१ साली ॲट्राझीन बंद केले आणि २००४ साली सबंध युरोपियन युनियनने त्याची परवानगी काढून घेतली. आपल्याकडे २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यात ॲट्राझीन, २,४-डी आणि डाययुरॉन ही आपल्या उसातली तिन्ही नावे होती. २०२३ सालच्या आदेशात ती आली नाहीत. पण वारा कुठून येतो आहे ते ओळखावे.

आता मोठ्या प्रयोगशाळेत हे काम कसे चालते ते सांगतो. आम्ही कृषी पदविकावाले, रसायनशास्त्राचे पंडित नव्हे. तेव्हा आपल्या कारखान्याच्या भाषेतच सांगणे बरे.

माती चाळून त्यातली दहाएक ग्रॅम तोलून घेतात. तीत मिथेनॉल, ॲसिटोन किंवा ॲसिटोनायट्राइल असा द्राव घालून घुसळतात, म्हणजे औषध मातीचा कण सोडून द्रावात उतरते. ही झाली मिलमधली चरकी. पण नुसते औषध उतरत नाही. मातीतला काळा रंग, सेंद्रिय आम्ले, मेण, सगळा गाळही बरोबर येतो. रस स्वच्छ केल्याशिवाय साखर धरत नाही, तसे हा अर्कही स्वच्छ करावा लागतो. पूर्वी यासाठी काचेच्या नळीत ॲल्युमिना किंवा फ्लोरिसिल भरून त्यातून अर्क हळूहळू गाळीत. एका नमुन्याला दिवस दिवस जाई आणि द्राव बाटल्यांनी खर्ची पडे. २००३ साली 'कॅचर्स' नावाची सुटसुटीत रीत निघाली. दहा मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घालून नळी जोरात हलवायची, फिरवणीच्या यंत्रात फिरवायची, वरचा थर घेऊन एका पावडरीने निवळायचा. मूळ रीत भाजी-फळांसाठी होती. मातीलाही ती आता सर्रास लावतात, फक्त सुकी माती आधी पाण्याने भिजवून घ्यावी लागते.

पुढे येते ते यंत्र, ज्याच्यासाठी आपली मागणी आहे. एकाच थळातून एकाच वेळी ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाडी निघाली, तर केन यार्डात ती तिन्ही वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. क्रोमॅटोग्राफ यंत्रातल्या नळीत हेच घडते. अर्कातला प्रत्येक पदार्थ आपल्या चालीने चालतो आणि आपल्या ठरल्या मिनिटाला बाहेर पडतो. बाहेर पडला की कागदावर टेकाड उमटते. टेकाड जेवढे मोठे तेवढे औषध जास्त. अडचण अशी, की दोन वेगळी वाहने कधीकधी एकाच मिनिटाला फाटकात येतात. नुसत्या वेळेवरून "हा ट्रक अमक्याचाच" असे म्हणणे धोक्याचे. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत पुढे वजनकाटा लावलेला असतो, त्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. ॲट्राझीनचा भारित कण २१६ वजनाचा. तो फोडला की १७४ वजनाचा तुकडा निघतो. वेळही जुळली, २१६ ही मिळाले, १७४ ही मिळाले, म्हणजे मग ते ॲट्राझीन. जोड-वजनकाट्याचे असे यंत्र कोटीच्या घरात जाते. वर शुद्ध वायू, शुद्ध द्राव, प्रमाण नमुने, चोवीस तास थंड खोली आणि ते चालवणारा शिकलेला माणूस. हा माणूसच सर्वांत दुर्मिळ. यंत्र आणले आणि वर्षभरात माणूस दुसरीकडे गेला, म्हणजे यंत्रावर कापड पडले, हे आपण इतर बाबतींत पाहिलेले आहे.

आणखी एक शब्द सभासदांनी लक्षात ठेवावा: रिकव्हरी. आपल्याला रिकव्हरी म्हटले की साखर उतारा आठवतो. तिथेही हाच शब्द आहे आणि अर्थही फार लांबचा नाही. स्वच्छ मातीत मुद्दाम मोजून औषध घालायचे, आणि आपल्या रीतीने त्यातले किती परत हाती लागते ते पाहायचे. साखर जशी बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये, मळीत थोडी थोडी राहते, तसे औषधही मातीच्या कणाला, गाळणीला, काचेला चिकटून राहते. शंभरातले ७० ते १२० परत आले तर ती रीत ग्राह्य मानतात. ज्या अहवालावर रिकव्हरीचा आकडा नाही, आणि किती बारीक अंशापर्यंत मोजता येते ती मर्यादाही नाही, त्या अहवालातला "आढळले नाही" हा शेरा आम्ही तरी मानीत नाही. जाड चाळणीने चाळून बारीक दाणा सापडला नाही म्हणणे सोपे असते.

"आढळले नाही" याचा दुसराही एक अर्थ असतो, तो म्हणजे "शोधलेच नाही". हे नीट समजून घ्यावे, कारण यात फसगत मोठी आहे. अनेक औषधे एकदम मोजण्याची जी रीत आहे, तीत ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन, डाययुरॉन, पेंडीमेथॅलीन ही चांगली सापडतात. २,४-डी हे आम्ल आहे. त्यासाठी अर्क आंबट करावा लागतो, आणि जुन्या वायू-यंत्रावर मोजायचे तर आधी त्याचे रूप बदलून घ्यावे लागते. बांधावर मारले जाणारे ग्लायफोसेट तर या रीतीत येतच नाही. ते पाण्यात विरघळणारे, द्रावात न उतरणारे. त्याची रीतच वेगळी आणि फीही वेगळी. एखाद्या सभासदाने ग्लायफोसेटची शंका म्हणून माती पाठवली आणि प्रयोगशाळेने नेहमीची शंभर नावांची यादी तपासून "आढळले नाही" लिहून दिले, तर अहवाल खरा आणि सभासद मात्र होता तिथेच.

आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या द्राक्ष बागाईतदारांना हा धडा महागात मिळालेला आहे. निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी आपल्याकडे २००३-०४ पासून शिस्तीत सुरू झाली. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्याची मुख्य प्रयोगशाळा आहे. तरीही २०१० साली युरोपात आपली द्राक्षे अडली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागाईतदार लिहोसीन म्हणून ओळखतात, ते त्यांत सापडले. ते इथे का सापडले नाही? तपासणीच्या यादीत ते नावच नव्हते. यंत्रे उत्तम होती, माणसे हुशार होती. पण जे विचारले नाही त्याचे उत्तर यंत्र देत नाही. म्हणून आमचा आग्रह असा, की रानात काय मारले याची नोंद हीच तपासणीची पहिली पायरी. औषधाचे नाव, टक्केवारी, तारीख आणि एकरी किती पंप, एवढे चार शब्द सातबाऱ्याच्या पिशवीत लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत.

याच्या उलट बाजूही आहे. यंत्राने मोठा आकडा दाखवला म्हणजे पीक जाणारच असेही नाही. चहाच्या मळ्यांत वापरले जाणारे पॅराक्वाट हे याचे उत्तम उदाहरण. ते चिकणमातीच्या पापुद्र्यांत इतके घट्ट बसते, की ते मोजायला माती कडक गंधकाम्लात उकळावी लागते. उकळल्यावर आकडा येतो. पण पिकाच्या मुळीला काही गंधकाम्ल उकळता येत नाही. जे यंत्राला मिळते ते मुळीला मिळेलच असे नाही. आपल्या काळ्या रानात हा फरक पदोपदी येतो. म्हणूनच आमचे मन काकडीकडे झुकते. काकडी नेमके तेच मोजते, जे मुळीला मिळणार आहे.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. तणनाशकाच्या शास्त्रात तिला जैवपरीक्षण म्हणतात आणि मोठमोठ्या संशोधन केंद्रांतही ती वापरतात. शंकेच्या रानातली माती घ्यायची, आणि त्याच पोताची, पण जिथे कधी फवारणी झाली नाही अशा जागेची दुसरी माती घ्यायची. प्रत्येकीच्या चार-चार कुंड्या भरायच्या. बुडाला भोक ठेवले तर खाली बशी ठेवून निथळलेले पाणी परत कुंडीतच ओतायचे. नाहीतर औषध पाण्याबरोबर निघून जाते आणि परीक्षा फुकट जाते. आठ-दहा बिया टाकून उगवल्यावर पाच रोपे ठेवायची. कुंड्या उन्हातच पाहिजेत. ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन, डाययुरॉन ही औषधे पानाचे अन्न तयार करण्याचे काम बंद पाडतात. सावलीत त्यांचा गुण नीट दिसत नाही. आणि घाई करू नये. बी उगवून येतेच, कारण सुरुवातीला ते स्वतःच्या दाण्यातले अन्न खाते. पहिली खरी पाने आली की मग जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात, करपतात आणि रोप बसते. तीन आठवडे थांबावे. पाचव्या दिवशी "उगवलं की हो!" म्हणून रान पेरायला निघणारे सभासद कमी नाहीत.

आता खरी मेख. रोप पिवळे पडले म्हणजे तणनाशकच, असे कशावरून? आपल्याकडे चोपण आणि खारवट राने काही थोडी नाहीत. मर रोग असेल, लोह कमी असेल. यासाठी कुंड्यांचा तिसरा संच करावा. शंकेच्याच मातीत किलोला चमचाभर सक्रिय कोळसा मिसळायचा. प्रयोगशाळेत मिळतो तो. चुलीतला कोळसा चालत नाही. हा कोळसा तणनाशक शोषून धरतो, पण खारवटपणा काही घालवीत नाही. कोळशाच्या कुंडीत रोप हिरवेगार आणि बिनकोळशाच्या कुंडीत पिवळे, तर चोर तणनाशकच. दोन्हीकडे पिवळे, तर क्षारता तपासा आणि चर काढण्याचे बघा; औषध दुकानदाराशी भांडू नका. एवढा निवाडा दोन संचांच्या खर्चात दुसरे कुठलेही यंत्र देत नाही.

बियाणे कोणते घ्यावे, यावर बैठकीत बराच वाद होतो. "आम्ही मका लावून बघितला, झकास आला, मग रानात काही नाही," असे सांगणारे भेटतात. मका आणि ज्वारी ॲट्राझीन पचवतात. उसाप्रमाणेच. म्हणूनच तर मक्यात ते औषध चालते! मक्याला ॲट्राझीनचे विचारणे म्हणजे घरच्या माणसाची साक्ष काढणे. काकडी किंवा ओट चांगले. त्याहून चांगले म्हणजे जे पीक तुम्ही पुढे घेणार तेच, सोयाबीन, हरभरा, कांदा, काय असेल ते. २,४-डी ची शंका असेल तर टोमॅटो लावावा; पाने वाटीसारखी वळली, देठ पिळवटले की ओळख पटते.

मधला एक मार्गही आहे, रंग बदलणाऱ्या तयार किटचा. ॲट्राझीनच्या जातीच्या औषधांसाठी तो परदेशात पाण्याच्या तपासणीला पुष्कळ वापरतात. पण एकाच कुळातली चार औषधे तो एकच समजतो. आपल्या कामाला त्याची घाई नाही.

काही जाणते सभासद म्हणतात, "एवढा उपद्व्याप कशाला? ऊस वर्ष-दीड वर्ष रानात असतो, तोवर सगळं जिरून जातं." यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. आडसाली लागणीला मारलेले ॲट्राझीन अठरा महिन्यांत नऊ वेळा निम्मे होते. पाचशे भागांत एकही भाग राहत नाही. उसामागून ऊस आणि मग खोडवा करणाऱ्याला याची फारशी चिंता नको. अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. उगवण विरळ म्हणून लागण तीन महिन्यांत मोडली आणि सोयाबीन टाकले. खोडव्याला उशिरा डाययुरॉन मारले, तोड झाल्यावर खोडकी काढून लगेच भाजी लावली. डाययुरॉन निम्मे व्हायलाच ९० दिवसांच्या आसपास लागतात. पूर्वहंगामी उसात कांदा-हरभऱ्याचे आंतरपीक आहे हे फवारणाऱ्या गड्याला कुणी सांगितलेच नाही. पंप वळवताना बांधाकडेच्या पाच-सहा ओळींवर दुप्पट पडले. आणि आपली राने! सामू आठाच्या वर गेलेल्या रानात ॲट्राझीन आणि मेट्रिब्युझीन सावकाश कुजतात, मातीला कमी चिकटतात आणि मुळीला जास्त मिळतात. पुस्तकातले ६० दिवस अशा रानाला लावू नयेत.

उलट ज्या रानात वर्षानुवर्षे ॲट्राझीनच पडते, तिथे ते खाऊन जगणारे जीवाणू तयार होतात. १९९५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी असा एक जीवाणू वेगळा काढून दाखवला. अशा रानात औषध दोन महिन्यांऐवजी काही दिवसांतच संपते. मग सभासद म्हणतो, "औषध भेसळीचं आहे, तण मरत नाही," आणि पुढच्या खेपेला दीडपट मारतो. तपासणी केली असती तर कळले असते, की तिथे औषध जास्त उरत नाही, कमीच पडते. आणि मग मात्रा वाढवण्याऐवजी औषध बदलले असते, किंवा दोन भांगलणीच बऱ्या पडल्या असत्या. म्हणजे तपासणी नुसती भीतीसाठी नाही, खिशासाठीही आहे.

एक गोष्ट मात्र मातीत शोधू नये. शेजाऱ्याने २,४-डी मारले आणि वाऱ्याने ते आपल्या द्राक्षावर किंवा टोमॅटोवर आले, तर माती तपासून काही निघत नाही. ते औषध मातीत दहाएक दिवसांत निम्मे होते आणि आलेले असते तेच मुळी कणभर. तिथे पानांचा नमुना लागतो, आणि तोही त्याच आठवड्यात. तणनाशकाचाच पंप न धुता भाजीवर वापरला, ही तक्रारही याच खात्यात जमा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी शेवटी पंपाशीच येऊन थांबतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे सांगून सांगून आमची जीभ झिजली.

मग बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेचे काय? तिची गरज आहेच. काकडी औषधाचे नाव सांगत नाही. विहिरीच्या पाण्यातला बारीक अंश तिला कळत नाही. आणि नुकसानभरपाईच्या भांडणात कुंडीची साक्ष चालणार नाही. म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गट ऑफिसच्या आवारात कुंड्यांसाठी एक उन्हाची ओटी बांधावी. आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या एका केमिस्टला या कामाचे रीतसर शिक्षण द्यावे. जबलपूरला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय आहे, त्यांच्याकडे विचारणा करावी. कुंडीत ज्या मातीने दोष दाखवला तेवढीच माती एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावी, औषधाचे नाव लिहून, आणि फी निम्मी कारखान्याने व निम्मी सभासदाने सोसावी. सगळीच फी कारखान्याने भरावी असे काही जण म्हणतील. आम्हाला ते पटत नाही. फुकटच्या तपासणीला माणूस माती कुठूनही खणून आणतो. यंत्राच्या किमतीच्या व्याजातसुद्धा एवढे काम होईल असा आमचा अंदाज आहे. नक्की हिशेब संचालक मंडळाने मांडून सभेपुढे ठेवावा. निकाल नावे न घालता याच पत्रिकेत छापावेत, म्हणजे कोणत्या शिवारात काय होते आहे ते सर्वांना कळेल. कारखान्याने वाटलेल्या औषधामुळे एखाद्याचे पीक गेल्याचे दिसले तर तेही छापावे. काहींना हे आवडणार नाही.

माती आणण्याची रीत नेहमीच्या माती परीक्षणापेक्षा थोडी निराळी आहे. एकरातून पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यावी, पण चांगल्या आणि वाईट पट्ट्याची एकत्र करू नये. दोन पिशव्या कराव्यात. बांधाकडेच्या दुप्पट मात्रेच्या ओळी वेगळ्या. खोली १५ सेंटीमीटर, सगळीकडे सारखी. कुठे बोटभर आणि कुठे वीतभर घेतली तर आकड्याला अर्थ राहत नाही. खुरपे, घमेले धुऊन घ्यावे, आणि खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पिशवीत माती कधीही भरू नये. एरवी आम्ही माती वाळवून आणा म्हणतो. इथे उन्हात वाळवू नका, औषध उडते आणि बदलते. ओलसर असली तरी स्वच्छ नव्या पिशवीत बांधून त्याच दिवशी गट ऑफिसला पोहोचवावी. कुंड्यांसाठी पाच किलो, आणि प्रयोगशाळेसाठी अर्धा किलो वेगळी. न फवारलेल्या जागेची पाच किलो माती विसरू नये. तिच्यावाचून आम्हाला काही सांगता येत नाही.

खोडवा मोडून सोयाबीन किंवा भुईमूग करणाऱ्यांनी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात माती आणावी, म्हणजे तीन आठवड्यांची परीक्षा होऊन मे महिन्यात निकाल हाती पडेल आणि बियाणे घेण्याआधी विचार करता येईल. येताना मारलेल्या औषधाचा रिकामा पुडा किंवा बाटलीवरचे लेबल बरोबर असावे. "ते पांढरं पावडरीचं, गेल्या साली मारलं होतं ते," एवढ्यावर आमचा केमिस्टही हात टेकतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग